दाढीवालं दगडफूल पोत्यात भरण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर



गेल्या चैत्रात गोड्या मसाल्याचं सामान आणायला वाईच्या बाजारात गेले होते. धने, तीळ, सुकं खोबरं, नागकेशर अशी यादी संपत आली होती. दगडफुलाची पुडी बांधताबांधता दुकानदार म्हणाला, "बाई, ते दाढीवालं दगडफूल कुठं दिसतं का हो? झाडावरून लोंबतं ते. तुम्ही महाबळेश्वराकडं हिंडत असता ना." तो माझा जुना विद्यार्थी. रसायनशास्त्रातलं त्याला लिटमस सोडून काही आठवत नाही, पण धंद्याला चोख आहे. कुणी व्यापारी त्याच्याकडे या दाढीवाल्याची चौकशी करून गेला होता. पोत्यानं हवं होतं आणि भाव मसाल्याच्या दगडफुलाच्या दुप्पट. कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "अर्क काढतात म्हणे. वजन उतरतं. कॅन्सरलाही चालतं म्हणे."

या दोन 'म्हणें'मुळे हे पत्र लिहिते आहे. ही तक्रार नव्हे. त्या व्यापाऱ्याचं नाव मला माहीत नाही आणि पोतं भरलं गेलं की नाही, तेही कळलेलं नाही. पण गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि त्यांच्या लोक जैवविविधता नोंदवह्या आपल्या देखरेखीखाली चालतात. आणि २००२ च्या कायद्यात जैवसंपदेच्या व्यापारी वापराची जी वाट आखून दिली आहे, तिच्यावर राज्यातला पहिला दरवाजा आपलाच आहे. म्हणून पत्र आपल्याला.

दगडफुलाला आपल्या पुस्तकांत शैवाक किंवा लायकेन म्हणतात. नावात फूल असलं तरी ते फूल नाही, आणि झाडही नाही. बुरशी आणि शैवल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात हे मांडलं, तेव्हा बड्या बड्या अभ्यासकांनी त्यांची टर उडवली होती. या संसारात शैवल रांधतं आणि बुरशी घर राखते. रंग बहुतेक वेळा बुरशीचा असतो. ती तो आपल्या तंतूंच्या बाहेरच्या अंगावर बारीक स्फटिकांच्या रूपात बसवते. पाण्यात तो विरघळत नाही, नाहीतर आपल्याकडच्या पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेला असता. अशी हजारांहून अधिक द्रव्यं आजवर लायकेनमध्ये सापडली आहेत, आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्या कुठल्याच सजीवात मिळत नाहीत. औषधवाल्यांचं लक्ष तिथं जाणं साहजिक आहे. माझंही जातं.

तेव्हा पहिल्यांदाच सांगते, या रंगांत औषध नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. असण्याची शक्यता चांगलीच आहे. म्हणूनच ते पोत्यात जाऊ नये, असं मला वाटतं.

त्या व्यापाऱ्याला हवं असलेलं दाढीवालं म्हणजे अस्निया. फिकट हिरवट-पिवळ्या दोऱ्यांचा तो गुंता असतो. त्याच्या पिवळेपणाचं नाव अस्निक आम्ल. विल्हेल्म क्नोप या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते १८४४ साली वेगळं केलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९४४ मध्ये, अमेरिकेत पॉल बर्कहोल्डर आणि सहकाऱ्यांनी ४२ प्रकारची लायकेनं जिवाणूंवर टाकून पाहिली. त्यांतल्या २७ प्रकारांनी कोणत्या ना कोणत्या जिवाणूची वाढ रोखली. युद्धाचे दिवस होते, पेनिसिलिनची नवलाई होती, प्रत्येक जण नवं प्रतिजैविक शोधत होता. पुढे अस्निक आम्लाची मलमं निघाली. सोव्हिएत रशियात त्याचा सोडियम क्षार 'बिनान' या नावानं जखमांवर आणि भाजल्यावर लावत असत. वरून लावायला ते खरोखरच कामाचं होतं. पू करणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू त्याला दबतात.

मग ते मागे का पडलं? याचं उत्तर बर्कहोल्डर यांच्याच पुढच्या कामात आहे. व्हेनेझुएलाच्या मातीतून त्यांनी एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला, आणि त्यातून क्लोरॅम्फेनिकॉल आलं. आपल्याकडे विषमज्वराच्या किती रोग्यांना त्यानं उठवून बसवलं, ते जुन्या डॉक्टरांना विचारा. मातीतला तो जिवाणू टाकीत घातला की काही दिवसांत भरभरून वाढतो. लायकेन वर्षाला काही मिलिमीटर सरकतं, कित्येक जाती तर तेवढंही नाही. औषध नुसत्या रेणूनं होत नाही. उद्या, परवा आणि दहा वर्षांनीही तोच रेणू तितक्याच शुद्ध रूपात हाताशी लागतो. पोत्यातल्या लायकेनला ते जमणारं नव्हतं, आणि आजही जमणार नाही.

हे झालं वरून लावायचं. व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक मात्र ते पोटात घेणार आहे. इथं मला फळा हवा होता, पण पत्रातच सांगते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या असतात. त्यांच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात. धरणात पाणी अडवून वीज काढावी, तसे ते एका ठरावीक दारातून सोडून पेशी ऊर्जा कमावते. अस्निक आम्ल स्निग्धात सहज मिसळतं. ते प्रोटॉनला पाठीवर घेऊन पडदा ओलांडतं, म्हणजे धरणाच्या भिंतीलाच भोकं पाडतं. पाणी वाहून जातं, वीज होत नाही, नुसती उष्णता होते. खाल्लेलं जळतं आणि वजन उतरतं. दाव्यातला तेवढा भाग खोटा नाही. १९३० च्या दशकात डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन याच युक्तीनं वजन उतरवायला विकत. माणसं अंगातल्या उष्णतेनं दगावली, काहींना मोतीबिंदू झाले, तेव्हा ते बंद करावं लागलं.

अस्निक आम्लाच्या बाबतीत पहिला मार यकृताला बसतो. अमेरिकेत 'लिपोकायनेटिक्स' नावाच्या वजन उतरवण्याच्या गोळ्यांत त्याचा सोडियम क्षार इतर चारदोन द्रव्यांबरोबर घातलेला होता. यकृत सुजल्याच्या आणि निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्या गोळ्या घेऊ नका असं जाहीर केलं. दुकानात त्या औषध म्हणून नव्हे, तर आहारपूरक म्हणून ठेवलेल्या असत.

यातला एक योगायोग मला फार टोचतो. युरोपात पूर्वी अशी समजूत होती की वनस्पतीचा आकार किंवा रंगच तिचा उपयोग सांगतो. फुफ्फुसासारखं दिसणारं लायकेन छातीच्या रोगावर देत, आणि भिंतीवर उगवणारं पिवळं-केशरी झँथोरिया काविळीवर. पिवळ्याला पिवळं. दोनअडीचशे वर्षांनी लायकेनचाच दुसरा एक पिवळा रंग शहाण्यासुरत्या माणसांनी डबीतून विकत घेऊन गिळला आणि त्यांना कावीळ झाली. आपल्याकडच्या 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' या वाक्याची आठवण इथं करून द्यायला हवी का? स्कँडिनेव्हियात लांडगे मारायला आमिषात एक पिवळंधमक लायकेन घालत. त्यातलं व्हल्पिनिक आम्ल तितकंच नैसर्गिक होतं.

आता केशरीकडे येते. केशरीबद्दल मला अधिक आशा आहे.

गडावर गेलात तर उन्हातल्या तटाच्या दगडांवर केशरी चट्टे दिसतील. कुणी शेंदूर फासला असावा असं वाटतं. ती कॅलोप्लाका आणि तिच्या भावकीतली लायकेनं. झँथोरिया त्याच घराण्यातलं. या घराण्याचा मुख्य रंग पॅरिएटिन, हे अँथ्राक्विनोन जातीचं द्रव्य. बाटलीतल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब त्यावर टाकला की केशरी क्षणात जांभळट लाल होतं. वर्गात मुलं "ओऽऽ" करायची. तीस वर्षं तो आवाज ऐकला, तरी मला कंटाळा आला नाही.

हा रंग कशासाठी? नॉर्वेतल्या सोलहाउग आणि गाउसला या दोघांनी एक सुंदर प्रयोग केला. कोरडं झँथोरिया त्यांनी ॲसिटोननं धुतलं. सगळा केशरी रंग निघून गेला आणि लायकेन जिवंत राहिलं. दुसरे बहुतेक जीव ॲसिटोनच्या आंघोळीत वाचले नसते. मग ते धुतलेलं आणि न धुतलेलं, अशी दोन्ही प्रखर प्रकाशात ठेवली, तर धुतलेल्यातल्या शैवलाचं अन्न बनवण्याचं यंत्र जास्त बिघडलं. म्हणजे पॅरिएटिन ही उन्हातली छत्री आहे. निळा प्रकाश ती गिळते आणि खालच्या हिरव्या सोबत्याला सावली देते. १९९६ साली हे छापून आलं.

या छत्रीचा माणसाला काय उपयोग? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की पॅरिएटिन '६-पीजीडी' नावाचं एक विकर अडवतं. पेशीला वाढायला, नवी केंद्रकाम्लं आणि चरबी बनवायला ज्या रासायनिक गल्लीतून माल येतो, तिच्यात हे विकर बसलेलं असतं. कर्करोगाच्या पेशींना वाढीची घाई असते, म्हणून गल्ली बंद झाली की त्यांची उपासमार आधी होते. रक्ताच्या कर्करोगाच्या मानवी पेशी काचेच्या भांड्यात मेल्या, आणि उंदरांमधल्या गाठींची वाढ मंदावली. निरोगी रक्तपेशींना तेवढा त्रास झाला नाही. बातमी आली ती अर्थातच 'दगडावरच्या बुरशीनं कर्करोग बरा' अशा थाटात.

भांड्यात कर्करोगाच्या पेशी मारणं फार अवघड नसतं. कपड्यांना लावायचं ब्लीचही मारतं. ज्या मात्रेत गाठ मरते त्या मात्रेत माणूस जगतो का, द्रव्य पोटातून रक्तात पोचतं का, यकृत त्याचं काय करतं, मूत्रपिंड किती वेळात बाहेर टाकतं, या प्रश्नांत वर्षं जातात, आणि बहुतेक रेणू तिथंच गळतात. पॅरिएटिनपासून अजून कुठलंही मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही. पण त्यानं एक कुलूप दाखवून दिलं. किल्ली पुढे कदाचित दुसऱ्याच आकाराची, कारखान्यात घडवलेली निघेल. लायकेनच्या रंगांचा खरा उपयोग मला असाच दिसतो. ते औषध असण्यापेक्षा औषधाची दिशा दाखवतात. दिशा कळायला चिमूटभर पुरतं, त्यासाठी डोंगर खरवडावा लागत नाही.

आणि चिमटीवर काम करणारी माणसं आपल्या दाराशी आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी सह्याद्रीतल्या लायकेनच्या अभ्यासात आयुष्यं घातली. तिथल्या अजरेकर हर्बेरियममध्ये त्यांचे नमुने जपलेले आहेत. त्याच संस्थेत अस्निया घाटेन्सिस हे सह्याद्रीच्या घाटांवरून नाव मिळालेलं दाढीवालं प्रयोगशाळेत वाढवलं गेलं. त्या काचेतल्या वाढीचे जिवाणूरोधक आणि ऑक्सिडीकरणरोधक गुण तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झाडाला एकदा हात लावायचा, पुढचं सगळं बशीत. आता तर त्याही पुढची वाट उघडली आहे. २०२१ मध्ये एका गटानं लायकेनच्या बुरशीतलं लेकॅनोरिक आम्ल बनवणारं जनुक साध्या यीस्टमध्ये घातलं आणि यीस्टनं ते आम्ल बनवलं. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं ॲट्रॅनोरिनची जनुकं दुसऱ्या एका बुरशीत चालवून दाखवली. पावाचं पीठ फुगवणारं यीस्ट लायकेनचं द्रव्य बनवू लागलं, तर दाढी उपटायचं कारणच उरत नाही. अर्थात यीस्टला शिकवायचं तर मूळ लायकेन रानात शाबूत हवं.

ॲट्रॅनोरिन आपल्या स्वयंपाकघरातही असतं. मसाल्याच्या दगडफुलाच्या करड्या सालीत ते आहे. कच्चं दगडफूल हुंगलं तर फारसा वास येत नाही, पण तेलावर परतलं की घर भरतं. अत्तरवाल्यांच्या 'ओकमॉस'चा वासही लायकेनमधली अशीच द्रव्यं तुटून सुटतो. माझ्या सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी दगडफूल किती परतायचं हे त्यांच्या नाकाला अचूक कळायचं.

तर त्या दिवशी आणलेली पुडी मी टेबलावर पसरली आणि शाळेतून निवृत्त होताना आणलेली पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली काढली. चाकूनं साल खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर एकेक थेंब टाकत गेले. काही तुकडे पिवळे होऊन नारिंगी झाले. काही पिवळे होऊन रक्तासारखे लाल झाले. काहींना काहीच झालं नाही. म्हणजे एका पुडीत निदान तीन प्रकारची लायकेनं होती आणि त्यांची रसायनं वेगवेगळी. ही थेंबाची परीक्षा निलांडर यांनी १८६६ साली सुरू केली. मसाल्यात हे मिश्रण चालून जातं, आमटीत चिमूटभर जातं, शिवाय भाजलेलं. पण उद्या याच पोत्याचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरला, तर आत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय लायकेनला मुळं नसतात. ते बहुतेक सगळं हवेतूनच घेतं, शिसंही घेतं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर उत्तर युरोपातल्या रेनडिअरच्या मांसात किरणोत्सारी सीझियम आलं, ते मुख्यतः त्यांनी खाल्लेल्या लायकेनमधून. घाटातल्या वाहत्या रस्त्याकडेच्या झाडावरचं लायकेन कुणी औषध म्हणून देऊ केलं, तर मी घेणार नाही.

आता मागणं. नोंदवह्यांमध्ये लायकेनला स्वतंत्र पान असावं. मी पाहिलेल्या दोन नोंदवह्यांत 'दगडफूल' एवढा एकच शब्द होता, तोही औषधी वनस्पतींच्या यादीत, आंबेहळदीच्या खाली. गावकऱ्यांना लॅटिन नावं नकोत. झाडावरचं की दगडावरचं, लोंबतं की चिकटलेलं, रंग कोणता, थेंब टाकल्यावर काय झालं, एवढं कोणतीही शाळा करू शकते. थोडक्या पैशांचं रसायन एका तालुक्याला वर्षभर पुरेल. थेंब टाकताना शिक्षक शेजारी हवा, ते रसायन हात भाजतं, एवढी अट घाला. यातून कुठल्या देवराईत काय आहे ते कळेल, आणि उद्या एखाद्या प्रयोगशाळेला चिमूट हवी असेल तर ती कुठून घ्यायची आणि श्रेय कुठल्या गावाला द्यायचं, हेही.

दुसरं जरा कडक आहे. मसाल्याचा माल म्हणून निघालेलं पोतं वाटेत औषधी अर्काचा कच्चा माल होतं. ते कागदावर कुठं बदलतं, तिथं मंडळानं नजर ठेवावी. अर्कासाठी रानातलं अस्निया मागणाऱ्याला आपण सरळ विचारावं की किती किलो, कशासाठी आणि प्रयोगशाळेत का वाढवत नाही? तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर नसेल तर परवानगीचा विचारच करू नये. ज्यांचं काम खरोखर संशोधनाचं आहे त्यांना मात्र कागदांच्या चळतीत अडकवू नका. दोन ग्रॅम मागणाऱ्यासमोर आणि दोन टन मागणाऱ्यासमोर एकच अर्ज ठेवला, तर दोन ग्रॅमवाला कंटाळून घरी जाईल आणि दोन टनवाला अर्ज भरायला माणूस नेमेल. हे मी शाळेच्या कारभारात पुष्कळ पाहिलं आहे.

आणि अशा व्यापारी वापरातून लाभ-वाटपाचा पैसा कधी आलाच, तर त्यातला थोडा लायकेनच्या बुरशीचे जिवंत नमुने जपणाऱ्या संग्रहाला द्यावा. नुसती रोपं लावून हे साधणार नाही. लायकेनची रोपं नसतात.

दुकानदाराला मी काय उत्तर दिलं, ते सांगायचं राहिलं. दाढीवालं कुठं आहे ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही म्हटलं. तो हसला. "लिटमसपण यातूनच काढायचे ना बाई?" एवढं आठवलं म्हणून मी त्याला मनातल्या मनात पाच गुण वाढवून दिले. मग त्याच्या बारा वर्षांच्या मुलीला बोलावलं आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मागून घेतला. दुकानाच्या मागं जुना आंबा आहे. अंधार पडल्यावर खोडावर टॉर्च मारला, तर दिवसा राखेसारखे दिसणारे गोल चट्टे पिवळे चमकायला लागले. पिक्सिन नावाचं ते लायकेन, आणि चमकतं ते त्यातलं लायकेझँथोन. गावातल्या धुरातही ते तग धरून राहतं.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
वाई, जि. सातारा

ता. क. त्या मुलीनं एका चट्ट्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका ठेवला आहे. चट्टा किती सरकतो ते ती दर महिन्याला पट्टीनं मोजते. चार महिने झाले, वहीत अजून शून्यच आहे. पावसाळ्यानंतर आकडा बदलला, तर तो आपल्याला कळवायचं तिनं ठरवलं आहे.